जर्मन तिला सोपं आणि मला अवघड का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय 34. जर्मनीला जायचं म्हणून मैत्रिणीबरोबर जर्मनचा क्लास लावला. पुस्तक एकच, बाई एकच. वर्ष होत आलं, ती बी-1 ला पोचली आणि मी त्याखालच्या ए-2 पायरीवरच अडकले. बारावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्या घरी मराठी. काही लोकांचा मेंदूच भाषेसाठी बनलेला असतो का? माझं वय झालं म्हणून सोडून द्यावं का?"

सोडू नका. आता सविस्तर लिहिते. गेली एकोणीस वर्षं मी सोलापुरात जर्मन शिकवते आहे आणि हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात.

आधी खरं ते सांगते. माणसामाणसांत फरक असतो. "मेहनत करा, सगळं सगळ्यांना सारखंच जमतं" असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते तसं नाही. अमेरिकेत जॉन कॅरल आणि स्टॅन्ली सॅपन यांनी 1959 मध्ये परकी भाषा शिकण्याची क्षमता मोजणारी एक चाचणी तयार केली. कॅरल यांच्या मते या क्षमतेत चार वेगवेगळ्या गोष्टी येतात: नवे आवाज ऐकून डोक्यात धरून ठेवता येणं, वाक्यात कुठला शब्द काय काम करतोय ते ओळखता येणं, शब्द पाठ राहणं आणि चार उदाहरणं पाहून पाचवं आपलं आपण तयार करता येणं. या चारही गोष्टी एकाच माणसात सारख्या नसतात. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याला शब्द एकदा ऐकले की पाठ, पण वाक्य जुळवताना तो रडकुंडीला यायचा. बारावीच्या मार्कांत यातलं फारसं काही उतरत नाही, म्हणून तुमचे जास्त मार्क इथे कामी आले नाहीत.

पण याच कॅरल यांनी पुढे 1963 मध्ये मांडलेली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. क्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकायला त्या माणसाला लागणारा वेळ, असं ते म्हणाले. एकीला आठ महिने लागले, दुसरीला चौदा लागतील. दोघी पोचतात. आपल्याकडे क्लासच्या बॅचेस ठरावीक महिन्यांच्या असतात, त्यामुळे जिला वेळ जास्त लागतो तिला वाटतं आपल्याला जमतच नाही.

आता तुमच्या मैत्रिणीकडे वळू. तुम्ही म्हणता तिला भाषा सोपी जाते. मला वाटतं तुम्हाला तिचा गेल्या वर्षाचाच अभ्यास दिसतोय. त्याआधीचा पंचवीस-तीस वर्षांचा दिसत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली मुलगी म्हणजे घरी आई-आजीशी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत मुसलमान मैत्रिणीशी दखनी उर्दू, दुकानात हिंदी, आणि शेजारी कन्नड बोलणारे असले तर तेही थोडंफार. तिला कुणी "आता आपण दुसरी भाषा शिकूया" असं सांगितलेलं नाही. पाचव्या वर्षी तिला किराणा आणायला पाठवलं आणि दुकानदार जे बोलला त्यातलं निम्मं कळलं, उरलेलं तिने त्याच्या हातवाऱ्यांवरून ओळखलं. माझंही तसंच झालंय. घरी कन्नड, बाहेर मराठी. आमच्या गावची बोलीसुद्धा अशीच मिसळून तयार झाली आहे. ज्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण दर जानेवारीत जातो, त्या सिद्धरामांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि दर्शनाच्या रांगेत मात्र चार भाषा ऐकू येतात.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा एक अभ्यास भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो 1971 मध्ये प्रसिद्ध केला. त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या शेजारी बोलल्या जात होत्या. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. हे आपल्याला नवं नाही. आपण "खाऊन बघ" म्हणतो, कन्नडमध्ये "तिंदु नोडु", तेलुगूत "तिनि चूडु". तीनही ठिकाणी आधी खाणं, मग बघणं, आणि अर्थ चव घेण्याचा. (जपानीतही "ताबेते मिरु" असंच आहे, खाऊन बघणं. माझ्याकडून जपानीच्या क्लासला गेलेली मुलं हे पाहून हरखून जातात.)

तर अशा घरात वाढलेल्या मुलीला नेमकं काय मिळतं? तेलुगू आणि जर्मन यांचं काही जवळचं नातं नाही. मिळते ती एक सवय. शब्द आला नाही की ती थांबत नाही. "ते... हे... ज्याने कापतात ते" असं म्हणून पुढे जाते. अर्धं कळलं तरी तिला घाबरायला होत नाही, कारण अर्धंच कळणं ही तिची लहानपणापासूनची रोजची अवस्था आहे. एका घरात एकच भाषा ऐकत वाढलेल्या, शिवाय शाळेत हुशार असलेल्या मुलीला अर्धं कळणं सहन होत नाही. तिला आधी पूर्ण वाक्य डोक्यात तयार हवं असतं, तपासून, चूक काढून. तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मी सातवीत असताना वर्गात उभी राहून "काल पाऊस आली" म्हणाले. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं "तो-ती" नसतं, त्यामुळे मराठीतली लिंगं आमच्या घरातल्या सगळ्यांचीच चुकायची. बाई हसल्या, मग वर्ग हसला. नंतर जवळजवळ वर्षभर मी वर्गात मराठीत तोंड उघडलं नाही. माझी मराठी त्या वर्षी सुधारली नाही, कारण न बोलता भाषा सुधारत नाही. आज माझ्या वर्गात कुणी कुणाच्या चुकीला हसलं तर मी शिकवणं थांबवते. भाषा अवघड जाणाऱ्या माणसांत मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण मेंदू नाही, कधीतरी कुणीतरी हसलेलं आहे. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर ते आठवून बघा.

आता तुमच्या अडकण्याचं दुसरं कारण. तुम्ही प्रश्नात ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक नर्सेसच्या बाबतीत मी ते पाहते. तुम्ही जर्मन इंग्रजीतून शिकताय. नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत, पुस्तकाच्या मागची शब्दसूची इंग्रजीत, मोबाईलवरचं ॲपही इंग्रजीत. म्हणून जर्मन वाक्य ऐकलं की तुम्ही ते आधी इंग्रजीत नेता, मग मराठीत आणता, आणि उत्तर देताना तोच रस्ता उलटा चालता. त्यात इंग्रजीच मुळात तुमची दुसरी भाषा. म्हणजे जी वाट तुम्हाला नीट पाठ नाही त्या वाटेने तुम्ही तिसऱ्या गावाला निघाला आहात.

थंडी वाजते हे सांगून बघा. इंग्रजीवरून येणारा विद्यार्थी म्हणतो "इश बिन काल्ट", मी थंड आहे. जर्मन माणसाला ते भलतंच वाटतं, या माणसात माया नाही असा काहीसा अर्थ निघतो. बरोबर वाक्य आहे "मिअर इस्ट काल्ट". मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजते! मराठीत आपण जन्मापासून हेच म्हणत आलो. चहा आवडला: "मिअर श्मेक्ट देअर टे", मला चहा चवीला आवडतो. वाईट वाटतं: "एस टूट मिअर लाइट", पुन्हा मला. मला आठवतं, मला भूक लागली, मला ताप आलाय, मला काही होत नाही... मराठी माणूस दिवसभर "मला" लावून बोलतो, कन्नड आणि तेलुगूही तसंच. इंग्रजीत सगळीकडे "मी" पुढे घ्यावा लागतो. जर्मनमध्ये हे "मला" जागोजागी लागतं आणि पुस्तकात त्याला चतुर्थी विभक्ती म्हटलं की वर्गातले सगळे दचकतात. मी फळ्यावर आधी मराठी वाक्यं लिहिते, दहा-बारा. मग त्यातल्या "मला"खाली रेघ ओढते. त्या दिवशी वर्गात एकदम हलकं वाटतं.

गौण वाक्याचंही तसंच. "कारण मी आजारी आहे" हे जर्मनमध्ये होतं "वाइल इश क्रांक बिन". क्रियापद शेवटी. इंग्रजीतून येणारा ते मध्ये घुसवतो आणि महिनोन् महिने चुकत राहतो. आपलं क्रियापद शेवटीच असतं.

आणि आकडे. याची मला फार हळहळ वाटते. वर्गात मी आकड्यांचं श्रुतलेखन घेते: "सीबेन-उन्ट-द्रायसिश". शब्दशः सात आणि तीस. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं लगेच 73 लिहितात, मग खोडतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली एक एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, मुलगी होती. तिने न थांबता 37 लिहिलं. "कसं केलंस?" विचारलं तर म्हणाली, "मॅडम, सदतीसच की." सात आणि तीस, सदतीस. पस्तीस म्हणजे पाच आणि तीस. बेचाळीस म्हणजे दोन आणि चाळीस. मराठीत एकक आधी येतो, जर्मनमध्येही एकक आधी. एकोणतीस, एकोणचाळीस हा एक गट सोडला तर गाडी रुळावरून घसरत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी "वीस एक" अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतो का? त्या वादात कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. पण जर्मन शिकायला बसलेल्या माणसाच्या हातात एकवीस हा शब्द म्हणजे आयती किल्ली आहे. "आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश", एक आणि वीस.

आणि बघा, इथे तुमची मैत्रीण तुमच्या मागे आहे. तेलुगूत "इरवै ओकटि", वीस एक. कन्नडमध्येही "इप्पत्तोंदु", वीस आधी. ती मनात तेलुगूत मोजत असेल तर तिला उलटवावं लागतं, तुम्हाला नाही. वॉर्डात ताप, नाडी, रक्तदाब, औषधाचं प्रमाण, खोली नंबर, फोन नंबर, दिवसभर आकडेच आकडे. ही तुमची जमेची बाजू तुम्ही वापरलीच नाही.

शब्दांचंही सांगते, तुमच्याच कामाचे. ब्लूट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब: ब्लूटड्रुक, रक्तदाब. कोप्फ म्हणजे डोकं, श्मेर्त्सन म्हणजे वेदना: कोप्फश्मेर्त्सन, डोकेदुखी. क्रांकनहाउस, आजाऱ्यांचं घर, रुग्णालय. क्रांकनवागन, रुग्णवाहिका. त्सानआर्त्स्ट, दंतवैद्य. जर्मन माणूस दोन शब्द जोडून तिसरा करतो, आपण समास करतो. इंग्रजीत यातले निम्मे शब्द लॅटिन-ग्रीकमधून येतात, म्हणून इंग्रजीतून पाठ करायला बसलात तर प्रत्येक शब्द नवा. मराठी समास समोर ठेवून बसलात तर दोन जुन्या शब्दांची गाठ. वर्गात मी नर्सेसना सांगते, सरकारी दवाखान्यातल्या मराठी पाट्या वाचत जा. ज्या पाट्या आपण कधी वाचत नाही, त्याच.

कानाबद्दल थोडं. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो गेला, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. म्हणजे कान लहानपणी आपल्या भाषेपुरते घट्ट होतात. हे सगळ्यांचंच होतं, तुमचंही आणि मैत्रिणीचंही. तिने पाळण्यात एकाऐवजी दोन भाषा ऐकल्या, एवढाच फरक. जर्मन "त्स" आपल्याकडे आहेच, चमच्यातला आणि चुलीतला "च". म्हणून "त्सुकर", साखर, हे तुम्हाला पहिल्या दिवशी जमतं. "त्सिमर", खोली, मात्र अडतं. कारण मराठीत "इ" लागली की जीभ आपोआप चिमणीच्या "च"वर जाते. कारण कळलं की ते आठवड्यात सुटतं. मराठीत नसलेले दोन स्वर आहेत, त्यातला एक असा काढा: तोंडाने "ई" म्हणत राहा, जीभ हलवू नका, फक्त ओठ "ऊ"सारखे गोल करा. आरशासमोर, रोज दोन मिनिटं. ऐकून ऐकून तो येत नाही, ओठ बघून येतो.

वयाबद्दल लोक उगीच घाबरवतात. जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुमारे 6 लाख 70 हजार लोकांच्या चाचण्या तपासल्या. परक्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याचा वेग साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकतो आणि मग कमी होतो असं त्यांना दिसलं. कमी होतो, बंद होत नाही. आणि तुम्हाला जन्मजात जर्मन माणसासारखं बोलायचंच नाही, वॉर्ड सांभाळायचा आहे. उलट सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं लहान मुलांच्या पुढे असतात. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले यांनी 1978 मध्ये हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी कुटुंबांत हेच पाहिलं. किशोर आणि मोठी माणसं पहिल्या काही महिन्यांत लहानग्यांपेक्षा भराभर डच शिकली. लहान मुलं हळूहळू येऊन नंतर पुढे जातात.

आणि आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, भैय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे. 1910 चा जन्म. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले तेव्हा अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर होते. बरोबरचे चार डॉक्टर पुढे परतले, हे राहिले. युद्धाच्या धामधुमीत चिनी बोलायला, लिहायला शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. 1942 च्या डिसेंबरात गेले, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी. म्हणजे हे सगळं चार-सव्वाचार वर्षांत. चिनी भाषेत सुरांवर अर्थ बदलतो, लिपी शब्दचिन्हांची, मराठीशी काडीचा संबंध नाही. त्यांच्यापुढे जखमी सैनिक होता आणि कुठे दुखतंय हे त्याच्याच भाषेत विचारल्याशिवाय इलाज नव्हता. स्मारकात गेले की मी नेहमी हाच विचार करते, पहिलं चिनी वाक्य त्यांनी कुणाला विचारलं असेल.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यात आधी विचारायला हवी होती. तुमची नाइट ड्यूटी आठवड्यात किती असते? दिवसा शिकलेले शब्द झोपेत पक्के होतात. नाइट करून, सकाळी डोळ्यांवर पाणी मारून क्लासला बसणारी बाई आणि रात्री झोपून आलेली बाई यांची तुलनाच करू नये. हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसातच गळतो. तेव्हा नाइटच्या आठवड्यात नवं काही घेऊ नका, जुनंच फिरवा. बाईंना तसं सांगा, त्यांना कळेल. आणि गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-1 च्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात. चारही एकदम द्यायची घाई करू नका. जो पक्का आहे तो आधी काढून टाका.

आणि पुढचे तीन आठवडे एवढंच करून बघा. इंग्रजी शब्दसूची बंद. वहीचं पान मधून दुमडा, डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे जर्मन. रोज पाच वाक्यं, सगळी "मला"ची, वॉर्डातली: मला चक्कर येते, मला श्वास घ्यायला त्रास होतो, मला इथे दुखतं. बीपीचा आकडा लिहिताना मनात आधी मराठीत म्हणा, मग जर्मनमध्ये. आणि संध्याकाळी मैत्रिणीला फोन करून त्यातली पाच वाक्यं बोलून दाखवा, चुकली तरी पुढे चला. तिला सांगा मध्ये दुरुस्त करू नको, शेवटी सांग. तीन आठवड्यांनी कुठे अडतंय ते कळवा, त्या वाक्यांसकट.